वणव्याचे रस्ते, कालव्यांचे काठ आणि जुनी सायकल

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेले इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांचे पाणी अर्जुनी मोरगावपासून लाखांदूर, देसाईगंज आणि आरमोरीपर्यंतच्या धानाच्या बांध्यांना मिळू लागले. कालव्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांना येजा करता यावी म्हणून त्याच्या काठाने मातीमुरमाची वाट ठेवलेली असते. ती सरकारी कामासाठी असली तरी गावकऱ्यांच्या सायकली तिच्यावरून चालतात, आणि धानाचे पोते, जळाऊ लाकडाची मोळी किंवा मासळीचा डबा कॅरिअरला बांधून जाणाऱ्या माणसाला ती डांबरी रस्त्यापेक्षा जवळची पडते. इकडे हे धरण उभे राहिले त्याच दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात अशाच एका सरकारी कच्च्या वाटेवर, म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात काढलेल्या रस्त्यावर, काही तरुण जुन्या सायकली घेऊन उतरू लागले आणि त्यातून माउंटन बाइक हा सायकलीचा नवा प्रकार जन्माला आला. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावच्या जंगलात वणवा अडवण्यासाठी वनखाते ज्या जाळरेषा राखते त्यांच्याशी या रस्त्यांचे नाते जवळचे आहे. एका ठिकाणी कच्च्या वाटेवरची सायकल खेळाचे आणि पुढे संग्रहाचे साधन झाली, तर दुसऱ्या ठिकाणी ती कामाचेच साधन राहिली. जुन्या माउंटन बाइकच्या संग्रहाचा आणि जीर्णोद्धाराचा इतिहास या दोन्ही वाटा समोर ठेवून पाहिला, तर या छंदातील 'अस्सल' या कल्पनेला पडणाऱ्या मर्यादाही स्पष्ट होतात.

कच्च्या वाटेवर सायकल नेण्याची कल्पना अर्थातच मरीनमधली नव्हे. अमेरिकी लष्कराच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी १८९७ साली मोंटाना राज्यातील मिझूला येथून सेंट लुईसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलीवर गेली होती. मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी जगप्रवासाला निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले, तेव्हा त्यांनी तुडवलेल्या वाटेचा मोठा भाग वाळू, चिखल आणि दगडगोटे यांचाच होता. इंग्लंडमध्ये १९५५ साली अशा वाटांच्या शौकिनांचे एक मंडळही स्थापन झाले. या सर्वांनी मात्र रस्त्यासाठी बनवलेली सायकल रस्त्याबाहेर नेली. रस्त्याबाहेरच्या गरजेनुसार सायकलच बदलण्याचे काम मरीनमधल्या मंडळींनी केले.

त्यांनी निवडलेली सायकल त्या वेळी चाळीस वर्षे जुनी होती. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली अमेरिकी बाजारात फुगीर टायरची सायकल आणली. तिचा टायर २६ इंच व्यासाचा आणि दोन इंचांहून थोडा अधिक रुंद होता. मुलांसाठी बनवलेल्या या दणकट सायकली, त्यातही 'एक्सेलसिअर' हे मॉडेल, १९७० च्या दशकात भंगारात अगदी स्वस्त मिळत असत. डोंगरावरून वेगाने उतरताना तिचा मागचा ब्रेक, म्हणजे पायडल उलटे फिरवल्यावर चाकाच्या हबमध्येच लागणारा ब्रेक, इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक उतारानंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. फेअरफॅक्स गावाजवळच्या ज्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली, त्याला या पुन्हा ग्रीस भरण्यावरूनच 'रिपॅक' हे नाव पडले. दोन मैलांहून थोडी लांब असलेली ती वाट सुमारे १,३०० फूट खाली उतरते.

या खटाऱ्यांवर मग नाना ठिकाणचे भाग चढू लागले. ड्रम ब्रेक जोडसायकलीचे, म्हणजे दोघांनी पुढेमागे बसून चालवायच्या सायकलीचे होते; ब्रेकच्या मुठी मोटारसायकलीच्या होत्या, तर गिअर बदलणारी यंत्रणा, म्हणजे साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर, प्रवासी सायकलीवरून उचललेला होता. गॅरी फिशर याने आपल्या एक्सेलसिअरला हे सारे बसवून ती चढावरही चालवता येईल अशी केली. जो ब्रीझ याने १९७७ साली या वापरासाठी मुद्दाम नवी चौकट बांधली, तिला सर्व भाग नवे लावले आणि निकेलचा मुलामा दिलेली ती पहिली 'ब्रीझर' आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या चौकटी १९७९ पासून 'माउंटनबाइक्स' या नावाने विकायला आरंभ केला. ते नाव त्यांना स्वतःपुरते राखता आले नाही आणि अल्पावधीत ते सबंध प्रकाराचेच नाव झाले. स्पेशलाइझ्ड कंपनीची जपानमध्ये बनलेली 'स्टम्पजम्पर' १९८१ साली ७५० डॉलरना बाजारात आली आणि तिच्यामुळे हे साधन कारागिराच्या शेडमधून दुकानात पोचले. तिच्यावरही फ्रेंच ब्रेक, फ्रेंच क्रँक (पायडल जोडलेला दांडा) आणि जपानी डिरेलर अशी मिसळ होतीच.

संग्राहकाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष १९८२ हे आहे. त्या वर्षी जपानच्या शिमानो कंपनीने 'डिओरे एक्सटी' हा केवळ माउंटन बाइकसाठी आखलेला भागांचा पहिला संच काढला. सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांचे घेण्याऐवजी ब्रेक, क्रँक, हब आणि डिरेलर हे सारे एकाच घडणीचे घेण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. हरणाच्या डोक्याचे चिन्ह असलेला त्याचा डिरेलर आज जाणकारांत विशेष मोलाचा समजला जातो. पुढल्या पंधरा वर्षांत बदल इतक्या वेगाने आले की भागांवरून सायकलीचे साल सांगता यावे: गिअर ठरावीक खटक्यांनी बदलणारी पद्धत १९८७ च्या सुमारास या सायकलींत आली, रॉकशॉक्सचा स्प्रिंगप्रमाणे दबणारा पुढचा चिमटा दशकाच्या अखेरीस आला आणि रिमला दोन्ही बाजूंनी सरळ दाबणारा व्ही-ब्रेक १९९६ च्या सुमारास आला. त्याच वर्षी अटलांटा येथे माउंटन बाइकची शर्यत प्रथमच ऑलिंपिकमध्ये खेळली गेली. शिमानोचा प्रतिस्पर्धी असलेला सनटूर हा जपानी कारखाना या बदलांच्या चढाओढीत मागे पडून १९९० च्या दशकाच्या मध्यास कोलमडला. त्याचे अंगठ्याने सरकवायचे गिअरचे खटके आज उत्तम कारागिरीचा नमुना म्हणून शोधले जातात. ज्याचे उत्पादन थांबले त्याचा भाव वाढतो, हा संग्रहाच्या बाजारातला जुनाच न्याय येथेही लागू पडला.

जीर्णोद्धाराचे काम बाहेरून रंगरंगोटीचे वाटले तरी त्याचा पाया कालनिर्णयाचा असतो. शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूस दोन रोमन अक्षरे बारीक ठशात उमटवलेली असतात, त्यांतले पहिले वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे. वर्षांची मालिका १९७६ साठी 'ए' अशी सुरू होऊन २००१ साठी 'झेड' येथे संपते, तर महिने 'ए' ते 'एल' असे मोजले जातात. म्हणून 'के' आणि 'सी' ही अक्षरे असलेला डिरेलर मार्च १९८६ चा ठरतो. तो १९८४ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलीवर आढळला, तर तो नंतर बसवलेला आहे हे उघड होते. क्रँक, दोन्ही हब आणि दोन्ही डिरेलर यांची अक्षरे एकमेकांच्या दोनचार महिन्यांच्या आत असतील आणि चौकटीच्या क्रमांकाशी जुळतील, तरच संग्राहक त्या सायकलीला मूळ अवस्थेतील म्हणतो. एखादा हरवलेला भाग मिळवायचा, तर कारखान्यातून निघून कुठल्याशा दुकानाच्या फळीवर न वापरता पडून राहिलेला भाग सर्वांत मौल्यवान धरला जातो.

प्रत्यक्ष खोलणी सुरू झाली की काळाने केलेले काम समोर येते. पोलादी चौकटीत ॲल्युमिनियमची सीटची दांडी वर्षानुवर्षे न हलवता राहिली, तर दोन भिन्न धातूंमध्ये ओल शिरून रासायनिक क्रिया होते, ॲल्युमिनियमचा गंज फुगतो आणि दांडी नळीत अशी धरून बसते की हातोडीने चौकट वाकेल पण दांडी निघणार नाही. तेथे आत झिरपणारे तेल कित्येक दिवस सोडत राहावे लागते. शेवटचा उपाय म्हणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने दांडीच विरघळवली जाते, कारण ते द्रावण ॲल्युमिनियम खाते आणि पोलादाला सोडते. ते कातडी आणि डोळेही जाळते, म्हणून हे काम उघड्या हवेत आणि हातमोजे घालूनच करतात. क्रँकचा एक्सेल ज्या कपांत फिरतो त्यांपैकी उजव्या कपाचे आटे इंग्रजी पद्धतीच्या चौकटीत उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस तो कप सोडवण्याच्या नादात आणखी आवळतो आणि शेवटी आटेच खातो. खटक्यांच्या गिअरमधले ग्रीस तीस वर्षांत डिंकासारखे घट्ट होते व खटका लागेनासा होतो. अशा वेळी बहुतेकदा काहीही तुटलेले नसते. द्रावकाने धुऊन हलके तेल सोडले की तो पुन्हा बोलू लागतो. नवखे लोक असे खटके बिघडले म्हणून टाकून देतात, हे या छंदातले सर्वांत टाळता येण्याजोगे नुकसान होय.

या साऱ्या कौशल्याचे महाराष्ट्रातील रूप वेगळ्या परिस्थितीत घडले. स्वातंत्र्यापूर्वी येथे आलेली सायकल रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस अशा इंग्रजी कारखान्यांची काळी, उंच चौकटीची सायकल होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि तोच नमुना देशातच बनू लागला: मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ साली स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सने, आसनसोलच्या सेन-रॅलेने, १९५१ पासून सोनीपतच्या ॲटलसने आणि १९५६ पासून लुधियानाच्या हिरोने तो गावोगाव पोचवला. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई ते याच काळ्या सायकलींमुळे. जगात गिअर आणि चौकटी झपाट्याने बदलत असताना येथील सायकल जवळपास स्थिर राहिली, आणि त्याचा एक परिणाम हितकारक झाला, तो असा की तीस वर्षांपूर्वीच्या सायकलीचा भाग कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळे.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीसारख्या भागात, जेथे पावसाळ्यात बांध्यांमधली वाट चिखलात जाते, तेथे ही सायकल माउंटन बाइकचेच काम करीत होती. दोन आडव्या नळ्यांची 'डबल बार' चौकट, जाड तारांचे मागचे चाक आणि लोखंडी पट्टीचे भक्कम कॅरिअर ही ओझ्यासाठी केलेली तजवीज होती. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलाच्या वाटेने, तर हिवाळ्यात रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाला शेजारच्या गावी, असे तिचे फिरणे असे. वीस-बावीस किलो वजनाची ही सायकल मरीनमधल्या सुधारलेल्या एक्सेलसिअरपेक्षा फारशी हलकी किंवा जड नव्हती. फरक एवढाच की तेथे उतार हा खेळ होता आणि येथे चढावर उतरून हँडल धरून चालणे हा दिनक्रम होता.

तिची निगा राखणारा मिस्त्री हा या इतिहासातला उपेक्षित कारागीर आहे. वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरऑइल' करणे, म्हणजे ती पूर्ण खोलून हब, क्रँक आणि हँडलमधले छर्रे रॉकेलमध्ये धुणे, झिजलेले छर्रे व कप बदलणे आणि नव्या ग्रीससह पुन्हा जुळवणे, हे त्याचे मुख्य काम. पाश्चात्त्य संग्राहक ज्याला संपूर्ण जीर्णोद्धार म्हणतो, त्यातला यांत्रिक भाग येथे दर उन्हाळ्यात, झाडाखाली गोणपाट पसरून, अर्ध्या दिवसात उरकला जात असे. चाक उलटे टांगून, एका बोटाचा आधार रिमजवळ धरून, तारा कमीजास्त आवळत 'आउट', म्हणजे चाकाचा डोल, काढणे ही त्याची खरी परीक्षा होती, आणि ती कोणत्याही मोजमापाच्या उपकरणाशिवाय दिली जाई. क्रँक एक्सेलला जोडणारी कॉटर पिन, म्हणजे एका बाजूने तासलेली लोखंडी खुंटी, झिजली की पायडल दर फेऱ्यात एकदा डगमगे. ती ठोकून काढून कानसेने नवी बसती करताना किती तासायचे याचा अंदाज हातालाच असे, कारण थोडी जास्त तासली गेली तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नसत.

या मिस्त्रीच्या हातून गेलेल्या सायकलीत मूळचे काय उरले, हा प्रश्न संग्राहकाला अडचणीत टाकतो. रॅलेच्या चौकटीवर लुधियानाचा क्रँक, ॲटलसचे चाक आणि स्थानिक लोहाराने घडवलेले कॅरिअर असे तिचे रूप असते. चौकटीचा क्रमांक आणि पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला सोडला, तर कारखान्याचे फारसे काही हाती लागत नाही. अनेक नगरपालिका पूर्वी सायकलींवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून वर्षाचा आकडा ठोकलेला धातूचा बिल्ला देत. असा बिल्ला जुन्या चौकटीवर टिकून राहिला असेल, तर ती सायकल कोणत्या गावात कधी चालत होती याचा तो उत्तम पुरावा असतो. रंगकाम करताना हा बिल्ला काढून टाकणारे हौशी लोक सायकल चकचकीत करतात आणि तिचा इतिहास पुसतात.

महाराष्ट्रात जुन्या सायकलींच्या संग्रहाला सार्वजनिक रूप आले ते पुण्यात. कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी अनेक वर्षांच्या शोधातून जमवलेल्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली सुरू झाले, आणि त्यात सायकलींबरोबर दिवे, पंप, डायनामो व दुरुस्तीची हत्यारे यांनाही जागा मिळाली, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण सुट्या भागांशिवाय सायकलीचा इतिहास अर्धाच राहतो. अशा संग्रहांत मानाचे स्थान मिळवणारी एक सायकल माउंटन बाइकच्या पूर्वजांत गणता येईल, ती म्हणजे बीएसएची घडीची 'पॅराट्रूपर'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेल्या या सायकलीची चौकट जोडीने वाकवलेल्या बारीक नळ्यांची असून वर आणि खाली अशा दोन बिजागऱ्यांवर ती दुमडते, आणि बिजागऱ्या आवळणारे पाकळीचे नट हत्याराशिवाय, हाताने फिरवता येतात. पायडल म्हणजे क्रँकमधून आत ढकलता येणारी साधी गोल खुंटी असते. युद्धकाळात अशा ६० हजारांहून अधिक सायकली तयार झाल्या. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या सैनिकांनी त्या खांद्यावर घेऊन उतरवल्या आणि युद्ध संपल्यावर उरलेला साठा नागरिकांना विकला गेला. तिच्या जीर्णोद्धारात सर्वांत अवघड जातात ते हेच चार छोटे तुकडे, दोन नट आणि दोन खुंट्या, कारण हरवायला सर्वांत सोपे तेच असतात आणि सामान्य दुकानात त्यांच्या जागी बसेल असे काही मिळत नाही.

१९९० च्या दशकात भारतीय कारखान्यांनी माउंटन बाइकचा आकार उचलला. हिरोची 'रेंजर' हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. हर्क्युलिसने तर 'एमटीबी' हेच नाव आपल्या सायकलीला दिले. सरळ हँडल, गाठीदार रुंद टायर आणि भडक रंगाची जाड चौकट असलेल्या या सायकलींपैकी बहुतेकांना एकही गिअर नव्हता आणि काहींना पुढेमागे लावलेल्या स्प्रिंगा कामापेक्षा शोभेच्याच होत्या. शाळकरी मुलांच्या एका पिढीने काळ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून 'कैची' चालवण्याऐवजी रेंजरवर सायकल शिकून घेतली. मिस्त्रीलाही नवे शिकावे लागले, कारण पूर्वीच्या दांड्यांच्या ब्रेकऐवजी येथे तारेचे ब्रेक होते आणि कॉटर पिनचे ज्ञान हळूहळू निरुपयोगी होत गेले. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे अखेरचे परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठल्यानंतर परदेशी बनावटीच्या गिअरच्या सायकली शहरांतील दुकानांत उघडपणे दिसू लागल्या, आणि जी डिओरे मालिका जगाने वीस वर्षे वापरली होती, ती मराठी ग्राहकाच्या हाती प्रथमच सहज आली. म्हणून १९८० च्या दशकातली अस्सल माउंटन बाइक येथे आढळलीच, तर ती परदेशातून परतलेल्या कुटुंबाच्या किंवा एखाद्या परदेशी प्रवाशाच्या सामानातून आलेली असण्याचीच शक्यता अधिक.

या क्रमामुळे महाराष्ट्रातील संग्रहात एक विचित्र पोकळी निर्माण झाली आहे. इंग्रजी काळी सायकल आता हौशी मंडळींत प्रतिष्ठित ठरली आहे आणि परदेशी माउंटन बाइकला जगाच्या बाजारात भाव आहे, परंतु या दोहोंच्या मधली देशी रेंजर कोणालाच जपावीशी वाटत नाही. ती यांत्रिकदृष्ट्या साधी होती, हे खरे. तिची वेल्डिंग जाडीभरडी होती, हेही खरे. पण संग्रहाची कसोटी केवळ उत्तम कारागिरी ही असती, तर भंगारातल्या एक्सेलसिअरलाही कोणी जपले नसते. मरीनमधले खटारे मौल्यवान ठरले ते त्यांच्यावर कोणत्या ठिकाणचे कोणते भाग का चढले याची नोंद त्या मंडळींनी ठेवली म्हणून. फेअरफॅक्स येथे २०१५ साली उघडलेल्या सायकल संग्रहालयात हीच नोंद वस्तूंच्या रूपाने मांडलेली आहे. त्याच न्यायाने, लुधियानाच्या चौकटीवर झाडीपट्टीच्या लोहाराने बसवलेले कॅरिअर काढून कारखान्याच्या जाहिरातीप्रमाणे नवे लावणे हा जीर्णोद्धार नव्हे, तर पुराव्याची नासधूस होय.

अशी एखादी रेंजर किंवा डबल बार सायकल घरामागच्या पडवीत उभी असेल आणि ती भंगारवाल्याला देण्याचे ठरले असेल, तर वाचकांनी त्याआधी चौकटीवर ठोकलेला क्रमांक, कारखान्याचे नाव, विकत घेतल्याचे साल आणि ज्या मिस्त्रीकडे ती नेली जाई त्याचे गाव एवढे तरी कागदावर उतरवून ठेवावे, आणि जमल्यास खरेदीची पावती व नगरपालिकेचा बिल्ला काढून जपावा.